समुपदेशकाच्या मुलाखतीत ‘तुमची कमजोरी सांगा’ म्हटलं, तर काय सांगायचं?



मागच्या व्हिडिओत आपण बँकेच्या साहेबांसमोर प्रोजेक्ट रिपोर्ट कसा मांडायचा ते बघितलं. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, सर, धंद्याच्या चॅनेलवर ही नोकरीची मुलाखत कुठून आली? तर ती आली आमच्या काउंटरवरून. धाराशिवात माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. आरोग्य विभागाची कंत्राटी भरती निघाली की दुकानात बायोडाटा टाईप करायला रांग लागते. फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन, डेटा एंट्री, समुपदेशक, सगळ्यांची एकच रांग. आणि बायोडाट्याच्या खाली दोन ओळी ठरलेल्या असतात, एक ‘स्ट्रेंथ’ आणि एक ‘वीकनेस’. वीकनेसच्या पुढं काय लिहिलेलं असतं? ‘आय अ‍ॅम अ परफेक्शनिस्ट.’ फार्मासिस्टचंही तेच, डेटा एंट्रीवाल्याचंही तेच, समुपदेशकाचंही तेच. कुणीतरी कधीतरी एक फॉरमॅट बनवला आणि अख्खा जिल्हा परफेक्शनिस्ट झाला!

बाकीच्या पदांना ही ओळ चालून जाते, कारण कुणी वाचत नाही. समुपदेशकाच्या पदाला मात्र मुलाखत घेणारे नेमकं तिथंच बोट ठेवतात. तिथं बसलेला मानसोपचारतज्ज्ञ असेल, समाजकार्याचा प्राध्यापक असेल, त्याच्यासाठी हा प्रश्न टाइमपास नसतो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलंय किंवा मानसशास्त्रात एमए केलंय, आणि पुढं स्वतःचं समुपदेशन केंद्र काढायचं डोक्यात आहे. माझं स्पष्ट मत आहे, केंद्र काढायच्या आधी दोन-तीन वर्षं कुठंतरी वरिष्ठांच्या हाताखाली काम करा. म्हणजे आधी ही मुलाखत आलीच. म्हणून आजचा लेख.

आपल्याकडं ही पदं कुठं असतात?

पटकन सांगतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ साली चार जिल्ह्यांपासून सुरू झाला आणि नंतर पसरत गेला. मराठवाडा आणि विदर्भातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त अशा १४ जिल्ह्यांत राज्य सरकारनं २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला, त्यात आपला जिल्हा आहे. त्यात आशाताई घरोघरी जाऊन प्रश्न विचारतात, कुणाचं मन खचलंय हे बघतात, आणि गरज असलेल्या माणसाला पुढं समुपदेशनासाठी, औषधोपचारासाठी पाठवतात. याशिवाय किशोरवयीन मुलामुलींसाठीचे समुपदेशक, एचआयव्ही तपासणी केंद्रातले समुपदेशक, संकटातल्या महिलांसाठीची ‘सखी’ केंद्रं, व्यसनमुक्ती केंद्रं. शिवाय १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाईन सुरू आहे, नंबर १४४१६. तिथंही फोनवर बोलायला प्रशिक्षित समुपदेशक लागतात.

पदं वेगळी, पण काम एकच. समोरचा माणूस आयुष्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट तुमच्यासमोर ठेवणार.

आता विचार करा. आमच्या दुकानात झेरॉक्स तिरकी आली तर दोन रुपयांचा कागद वाया जातो. समुपदेशकाच्या स्वभावातली खोट त्याला स्वतःलाच माहीत नसेल तर काय वाया जातं? म्हणून ते विचारतात.

नेहमीची उत्तरं तिथं का आपटतात

‘मी फार काम करतो, स्वतःकडं लक्ष देत नाही.’ दुसऱ्या कुठल्या ऑफिसात हे ऐकून साहेब खूश होईल. इथं पॅनेल लगेच ताठ बसतं. कारण दिवसभर दुसऱ्याचं दुःख ऐकणारा माणूस स्वतःकडं लक्ष देत नसेल तर तो सहा महिन्यांत थकतो. मग काय होतं? समोरचा रडत असतो आणि हा घड्याळ बघत असतो. म्हणजे तुम्ही कौतुक करून घ्यायला सांगितलेली गोष्ट त्यांनी धोका म्हणून लिहून घेतली.

‘मी फार इमोशनल आहे.’ हे खूप जण सांगतात आणि त्यांना वाटतं, मन हळवं आहे म्हणजे या कामाला योग्य. अहो, पण पुढचा प्रश्न काय येणार? ‘मागच्या वेळी भावनिक झालात तेव्हा नेमकं काय केलंत?’ तिथं गाडी अडते. हळवेपणा ही माहिती अर्धी आहे. हळवं झाल्यावर तुम्ही काय करता, ही उरलेली अर्धी.

‘मला कुणाला नाही म्हणता येत नाही.’ हे आम्हा दुकानदारांचं दुखणं, त्याची किंमत उधारीच्या वहीत दिसते. समुपदेशकाकडं ते कसं दिसतं बघा. पहिल्याच भेटीत स्वतःचा मोबाईल नंबर देणार. मग रात्री अकराला फोन, रविवारी फोन, बसमध्ये फोन. आठवडाभर उचलणार, नंतर वैतागून उचलणं बंद करणार. आणि ज्या दिवशी उचलला नाही, त्याच दिवशी त्या माणसाला खरंच गरज होती, असं व्हायला किती वेळ लागतो? ही कमजोरी सांगायला हरकत नाही, पण सांगताना तिचं हे टोक तुम्हाला माहीत आहे, असं दिसलं पाहिजे.

आणि चौथं, सगळ्यात वाईट उत्तर: ‘माझ्यात तशी काही कमजोरी नाही.’ यावर मी काही लिहीत नाही.

मग ते बघतात तरी काय?

मी काही मानसशास्त्रज्ञ नाही, बीबीए झालेला दुकानदार आहे. पण या क्षेत्रातल्या दोन-चार जाणत्या लोकांना खोदून खोदून विचारलं, वाचलं, आणि मला जे समजलं ते असं.

कार्ल रॉजर्स नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९५७ मध्ये एक गाजलेला निबंध लिहिला. समुपदेशनानं माणसात बदल होण्यासाठी काय काय लागतं, हे त्यांनी त्यात मांडलं. त्यात समोरच्याला समजून घेणं आहे, त्याला अटी न घालता स्वीकारणं आहे, आणि एक तिसरी गोष्ट आहे. समुपदेशकाचं आत एक आणि बाहेर एक असं नको. म्हणजे आतून वैतागलेला आणि चेहऱ्यावर गोड हसू, असं चालत नाही. समोरच्याला ते कळतं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना तर फारच लवकर कळतं.

आता तुम्ही मुलाखतीत खोटी कमजोरी सांगितली, तर आत एक बाहेर एक याचं प्रात्यक्षिकच दिलं की तिथं! म्हणून हा प्रश्न त्यांच्यासाठी एक छोटी चाचणीच असते. खुर्चीत बसून स्वतःबद्दल अवघड गोष्ट शांतपणे बोलता येते का? येत नसेल, तर उद्या अणदूरच्या किंवा लोहाऱ्याच्या कुणा अनोळखी माणसानं तुमच्यापुढं तसंच बोलावं, अशी अपेक्षा तुम्ही कशी करणार?

उत्तरात त्यांना तीन गोष्टी ऐकायच्या असतात. खरी कमजोरी. तिच्यामुळं समोर आलेल्या माणसाचं काय नुकसान होऊ शकतं, याची जाण. आणि तुम्ही त्यावर काय बंदोबस्त केलाय. बहुतेक जण पहिलीवर थांबतात, हुशार मुलं थेट तिसरीवर उडी मारतात. मधली गोष्ट फार कमी जण बोलतात आणि माझ्या मते निवड तिथंच होते.

सल्ल्याची घाई

एक नमुना घेऊ. आपल्या भागात सगळ्यात जास्त आढळणारी खोड म्हणजे सल्ला. पारावर बसलेल्या कुणालाही गुडघा दुखतोय म्हणून सांगा, पाच औषधं मिळतील. समुपदेशक होऊ घातलेली मुलंही याच मातीतली. समोरच्यानं दोन वाक्यं बोलली की यांचं सुरू, ‘तुम्ही असं करा.’

ही कमजोरी मुलाखतीत कशी मांडायची? साधारण असं:

‘सर, मला सल्ला द्यायची घाई होते. फील्डवर्कच्या वेळी एका बाईंनी नवऱ्याच्या दारूबद्दल बोलायला सुरुवात केली आणि मी तिसऱ्याच मिनिटाला व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता दिला. त्या हो म्हणाल्या आणि गेल्या, परत आल्या नाहीत. त्यांना कदाचित दारूबद्दल बोलायचंच नव्हतं, ती फक्त सुरुवात होती. आता मी पहिल्या वीस मिनिटांत एकही उपाय सुचवायचा नाही असं ठरवलंय. वहीत वरच्या कोपऱ्यात तशी खूण करून ठेवतो. आणि महिन्यातून दोनदा मॅडमसोबत माझ्या केसच्या नोंदी वाचतो, त्यात त्या सांगतात कुठं घाई झाली ते. अजून पूर्ण गेलेली नाही, पण आता लक्षात येते.’

हे उत्तर मोठ्यानं वाचून बघा, मिनिटभरात संपतं. त्यात रडगाणं नाही, शेखीही नाही. शेवटचं वाक्य काढू नका, बरं का. ‘अजून पूर्ण गेलेली नाही’ हे म्हणायला पोरं घाबरतात. सगळं एकदम ठीक झालंय असं सांगितलं की पॅनेलला ते पाठांतर वाटतं.

हाच साचा वापरायचा, पण हीच कमजोरी उचलायची नाही. नाहीतर पुढच्या भरतीत अख्खा जिल्हा सल्ल्याच्या घाईनं आजारी पडायचा.

भाषेचं काय?

आपल्याच जिल्ह्यातली आणखी एक खरी अडचण सांगतो, जी मी कुणाच्याच बायोडाट्यात बघितलेली नाही. उमरगा तालुका कर्नाटकाला लागून आहे. तिथं घरात कन्नड बोलणारी माणसं आहेत. तांड्यांवर बंजारा बोली आहे. दुःख माणूस आपल्या घरच्या भाषेत बोलतो. व्यवहाराची मराठी त्याला येत असते, पण मनातलं त्या मराठीत निघत नाही.

तुम्हाला ती भाषा येत नसेल, तर ही अगदी प्रामाणिक कमजोरी आहे. नुकसान काय? तर घाईत आपण घरातल्याच कुणाला, बऱ्याचदा शाळकरी पोराला, दुभाषी करून बसवतो. आता आई पोराच्या तोंडून काय सांगणार? सासूबद्दल बोलेल? नवऱ्यानं मारलेलं बोलेल? बंदोबस्त काय, तर घरातला दुभाषी घ्यायचा नाही, ती भाषा येणारी आशाताई किंवा नर्स घ्यायची. पण तिलाही आधी गुप्ततेचं समजावून सांगायचं. आणि बाईंना विचारायचं की ही ताई बसली तर चालेल का, कारण आशाताई त्याच गावची असते. हे एवढं तुम्ही पॅनेलसमोर बोललात, तर त्यांना कळतं की या माणसानं गावात पाय ठेवलेला आहे.

स्वतःच्या घरात घडलेलं सांगायचं का?

आता सगळ्यात अवघड भाग. हा लेख खरं तर यासाठीच लिहितोय.

आपला जिल्हा कसा आहे, तुम्हाला माहीत आहे. दुष्काळ, कर्ज, आत्महत्या. त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप, ज्यात लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीबरोबर आपल्याकडची सास्तूरच्या बाजूची गावंही गेली. इथं समुपदेशक व्हायला येणाऱ्या पोरापोरींपैकी काही जण याच घरांतून येतात. बऱ्याचदा त्यामुळंच येतात.

अशीच एक ताई बायोडाटा घेऊन आली होती. सगळं टाईप झालं, वीकनेसच्या ओळीवर थांबली. म्हणाली, ‘दादा, एक विचारू का? माझ्या वडलांनी आत्महत्या केली, मी शाळेत होते तेव्हा. हे मुलाखतीत सांगू का नको? सांगितलं तर म्हणतील, हिलाच समुपदेशनाची गरज आहे. नाही सांगितलं आणि पॅनेलमधल्या कुणाला गावाकडून कळलं, तर म्हणतील लपवलं.’

मी तिला म्हटलं, ताई, याचं उत्तर द्यायचा मला अधिकार नाही, तू तुझ्या कॉलेजच्या मॅडमना विचार. तिनं विचारलं. त्या मॅडमनी जे सांगितलं ते तिच्या परवानगीनं इथं देतोय, कारण ते मला फार मोलाचं वाटलं.

पहिली गोष्ट, सांगायलाच पाहिजे असं कुठलंही बंधन नाही. तुमच्या घरात काय घडलं, तुम्ही स्वतः कधी उपचार घेतलेत का, ही तुमची खासगी बाब आहे. घरातला मृत्यू ही कमजोरी नाही आणि स्वतःचा आजारसुद्धा कमजोरी नाही. त्याचा कामावर कुठं परिणाम होऊ शकतो, तेवढाच भाग मुलाखतीचा. म्हणजे वडिलांबद्दल एक शब्दही न बोलता ती म्हणू शकते, ‘कर्जबाजारी शेतकऱ्याचं कुटुंब समोर आलं की मी गरजेपेक्षा जास्त गुंतते.’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

दुसरी गोष्ट, सांगायचंच असेल तर आधी एक परीक्षा. ज्या माणसावर विश्वास आहे त्याच्यासमोर ते तीन वाक्यांत बोलून बघ. बोलताना आवाज कापला तरी चालेल. पण चौथं, पाचवं, दहावं वाक्य थांबवता येत नसेल, तर अजून वेळ आलेली नाही. मुलाखतीची खोली ही मन मोकळं करायची जागा नाही, तिथं ते झेलायला कुणी बसलेलं नसतं.

ताईनं सांगायचं ठरवलं. तिचं उत्तर साधारण असं होतं: ‘माझ्या घरात आत्महत्या झालेली आहे. त्यामुळं अशी केस आली की मला त्या घरातल्या मुलीचंच आधी दिसतं, आणि कर्त्या माणसाचं ऐकायचं राहून जातं, हे मला फील्डवर्कमध्ये मॅडमनी दाखवून दिलं. आता अशा भेटीनंतर मी त्याच दिवशी नोंदी लिहिते आणि वरिष्ठांना दाखवते.’

पॅनेलनं पुढं विचारलं, ‘मग अशी केस तुमच्याकडं आली तर घेणार का नाही?’ ती म्हणाली, ‘घेईन. पहिल्या काही वेळा वरिष्ठांना आधी सांगून घेईन. आणि त्याच दिवशी लागोपाठ दुसरी तशीच घेणार नाही.’ त्यावर एक जण नुसते हं म्हणाले आणि पुढचा प्रश्न विचारला. बाहेर आल्यावर तिला वाटलं, गेलं. प्रतीक्षा यादीत नाव लागलं, आणि तीन महिन्यांनी बोलावणं आलं.

तिच्या उत्तरात वडलांबद्दल एकच वाक्य आहे, बाकी सगळं समोरच्या माणसाबद्दल आहे. मला त्यातलं हेच पटलं.

काही कमजोऱ्या मुलाखतीत सांगायच्या नसतात, कारण त्या घेऊन त्या खुर्चीत बसायचंच नसतं

हे जरा कडू आहे. व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून अर्ज केलाय आणि दारू पिणाऱ्या माणसाचा तुम्हाला मनापासून तिरस्कार आहे. किंवा सखी केंद्रात अर्ज केलाय आणि मनात पक्कं आहे की बाईनं थोडं सहन केलं तर घर मोडत नाही. किंवा कुणी विश्वासानं सांगितलेली गोष्ट संध्याकाळी मित्रांच्या कट्ट्यावर निघतेच निघते. ही कमजोरी गोड शब्दांत कशी मांडू, असं मला विचारू नका. मांडू नका आणि लपवूनही जाऊ नका. ते पद सोडा, दुसरं बघा. महिन्याचा पगार तुम्हाला महत्त्वाचा आहे, मान्य. पण त्या खुर्चीसमोर येणाऱ्याला जायला दुसरी जागा नसते.

गुप्ततेचं तर कायद्यातच आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३, माहिती गुप्त राहण्याचा रुग्णाचा हक्क. पण त्यालाही मर्यादा आहेत आणि पॅनेल ते हमखास विचारतं. अठरा वर्षांखालच्या मुलीनं लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं आणि ‘कुणाला सांगू नका’ म्हणाली तर? पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्यामुळं ‘मी कुणालाच काही सांगणार नाही’ असं वचन सुरुवातीलाच देऊन बसायचं नाही.

तसाच दुसरा ठरलेला प्रश्न. समोरचा म्हणाला, आता जगण्यात अर्थ नाही, तर काय कराल? इथं पुष्कळ उमेदवार घाबरून ‘मी त्याला समजावीन, आयुष्य सुंदर आहे सांगीन’ असं बोलतात. अहो, तसं नाही. सरळ विचारायचं, ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ असं विचारल्यानं तो विचार डोक्यात जातो, हा गैरसमज आहे. उलट माणसाला बोलायला वाट मिळते. धोका वाटला तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना सोबत घ्यायचं, फवारणीची औषधं त्याच्या हाताशी राहणार नाहीत हे बघायला सांगायचं, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडं न्यायचं. रात्री-अपरात्री १४४१६ आहे, जिवावरच बेतलं असेल तर ११२. आणि ‘अशा वेळी मी गोंधळतो’ ही तुमची खरी कमजोरी असेल तर बिनधास्त सांगा, पण हे टप्पे कागदावर लिहून खिशात ठेवतो, हेही सांगा. (वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात असं काही चालू असेल तर मुलाखतीचं राहू द्या, आधी तो १४४१६ फिरवा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.)

आपली कमजोरी सापडत नसेल तर

‘सर, मला सुचतच नाही’ असं म्हणणारे खूप. सुचणार नाहीच. १९५५ साली जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या दोघांनी एक चौकट बनवली, दोघांच्या नावांवरून तिला ‘जोहारी विंडो’ म्हणतात. जवाहिऱ्याचा त्यात काही संबंध नाही, मलाही आधी तसंच वाटलं होतं. त्यातला एक खण असा आहे की जे दुसऱ्यांना दिसतं आणि आपल्याला दिसत नाही. कमजोरी बहुतेक वेळा त्या खणात असते.

म्हणून तीन माणसांना विचारा. घरातलं एक, सोबत काम केलेलं एक, आणि फील्डवर्कला तपासणाऱ्या सर-मॅडमपैकी एक. ‘माझ्यात काय कमी आहे’ असं विचारू नका, आई म्हणेल तू जेवत नाहीस. असं विचारा, ‘माझ्याशी बोलताना तुला कधी अर्ध्यात थांबावंसं वाटतं?’ मग बघा काय काय निघतं. मधे बोलतोस. मोबाईल बघतोस. लगेच स्वतःचं सांगायला लागतोस. गप्प बसलं की तुला करमत नाही. यातली प्रत्येक गोष्ट समुपदेशकाच्या मुलाखतीसाठी सोन्यासारखी आहे. ‘मला शांतता सहन होत नाही’ हे उत्तर तर मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, आणि या कामात शांत बसणं किती लागतं हे काम करणाऱ्यांना विचारा.

उत्तर पाठ करू नका. मोबाईलवर रेकॉर्ड करा, ऐका, परत दुसऱ्या शब्दांत बोला. तीन वेळा वेगळ्या शब्दांत सांगता आलं की ते तुमचं झालं.

उद्या स्वतःचं केंद्र काढलं, तर

तिथं पॅनेल नसतं. बोर्ड लावला की तुम्हीच साहेब. पण प्रश्न सुटत नाही, फक्त विचारणारा बदलतो. येणारा माणूस विचारतो, ‘तुम्ही गोळ्या देता का?’ नाही, समुपदेशकाला औषध लिहून देता येत नाही, ते डॉक्टरांचं काम. ‘तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट का?’ त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ती नसेल तर बोर्डावर तो शब्द टाकायचा नाही, कितीही भारी दिसला तरी. समुपदेशकांसह अनेक आरोग्य व्यवसायांच्या नोंदणीसाठी २०२१ चा स्वतंत्र केंद्रीय कायदा आलेला आहे, त्याच्या राज्यातल्या अंमलबजावणीवर नजर ठेवा.

केंद्राच्या पहिल्याच दिवशी एक कागद तयार करा. मी काय घेतो, काय घेत नाही, आणि जे घेत नाही त्यासाठी कुणाकडं पाठवतो. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, जवळचे खासगी मानसोपचारतज्ज्ञ, सखी केंद्र, व्यसनमुक्ती केंद्र, सगळ्यांचे नंबर आणि वेळा. हा कागद म्हणजे तुमच्या कमजोरीचं उत्तरच आहे, भिंतीवर लावलेलं. जिल्हा उद्योग केंद्रातून कर्जाची फाईल बँकेत गेली आणि मॅनेजरनी विचारलं, ‘तुमच्या या केंद्राची कच्ची बाजू काय?’, तर हाच कागद त्यांच्यापुढं सरकवा. फाईलमध्ये त्याची एक प्रत प्रोजेक्ट रिपोर्टच्या लगेच मागं लावा, शेवटी नको, शेवटपर्यंत ते जात नाहीत.